खेळाची खोती

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तेव्हा महाराष्ट्रात या विषयाला आधीच तोंड फुटलेले होते. त्यापूर्वी महिनाभर, तत्कालीन कृषिमंत्री विधिमंडळाच्या सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचे सांगणारी चित्रफीत गाजली. मंत्रिमहोदयांनी आरोप नाकारला; कृषी खाते मात्र त्यांच्याकडून गेले आणि त्याजागी क्रीडा खाते आले. राज्यकर्त्यांना विनोदबुद्धी नसते असे म्हणण्याची सोय राहिली नाही. ते असो. जुगाराने उद्ध्वस्त होणाऱ्या तरुणांची संख्या पाहता बंदीचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न माझ्या वाचनात कोठेही आला नाही. पैसे न लावता खेळले जाणारे, मुलांच्या हाती कौतुकाने दिले जाणारे, शिक्षणाच्या नावाखाली शाळाशाळांतून आणले जाणारे जे खेळ आज इंटरनेटवर आहेत, ते कोणाच्या मालकीचे आहेत?

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, अशी आपल्या चळवळीतील बहुतेकांची समजूत दिसते. ती चुकीची आहे. ज्या साधनावर लाखो माणसे आपला वेळ, बुद्धी आणि भाषा खर्च करतात त्याच्या मालकीचा प्रश्न हा समाजवाद्यांचाच प्रश्न होय.

आपल्याकडील जुन्या खेळांपासून आरंभ करू. कोकणातील एखाद्या देवळाच्या सभामंडपात फरसबंदीवर नवकंकरीचा पट कोरलेला अजूनही आढळतो. तो कोणी कोरला हे कोणाला ठाऊक नाही आणि खेळण्याबद्दल कोणी दाम मागत नाही. सागरगोट्यांचे नियम एका वाडीत एक तर शेजारच्या वाडीत दुसरे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर ज्यांचे बालपण गेले त्यांना आठवत असेल की मैदानी खेळ शिकवणारा दादा नियम सांगायचा, आणि आठ दिवसांत मुले ते आपल्या सोयीने बदलून टाकायची. खेळणाऱ्यालाच खेळ बदलता येतो, हे लोकजीवनातील खेळाचे लक्षणच होते.

कायदाही, निदान नियमांपुरता, याच बाजूचा आहे. खेळाच्या कल्पनेवर किंवा नियमांवर स्वामित्वहक्क मिळत नाही. मिळतो तो लिहिलेल्या मजकुरावर, चित्रांवर, मांडणीवर. आपल्या देशात याची कसोटी एका ऑनलाइन खेळावरच लागली. कोलकात्याच्या आगरवाला बंधूंनी इंटरनेटवर ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा शब्दखेळ चालवला होता. ‘स्क्रॅबल’चे हक्क सांगणाऱ्या मॅटेल कंपनीने त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. सप्टेंबर २००८ मधील अंतरिम आदेशात न्यायालयाने नावापुरती मनाई केली, कारण बोधचिन्हाचा कायदा कंपनीच्या बाजूने होता. खेळाच्या पटावरचा स्वामित्वहक्काचा दावा मात्र त्या टप्प्यावर मान्य केला नाही. खेळाची कल्पना आणि पटाची मांडणी इतकी एकजीव आहे की एकीला कुलूप लावले तर दुसरीलाही लागते, असा त्यामागचा विचार. बंधूंनी नाव बदलले आणि खेळ चालू ठेवला.

कुलूप लावण्याचा हव्यास जुना आहे. आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने घराघरांत पोचलेला, जागा विकत घेऊन भाडे उकळण्याचा खेळ पाहा. त्याचे मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. १९०४ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. त्या हेन्री जॉर्ज यांच्या अनुयायी. जमिनीवरील खंड हा समाजाने निर्माण केलेला असून तो जमीनदाराच्या खिशात जातो, हे मुलांना खेळातून कळावे हा त्यांचा हेतू. मक्तेदारीचे आणि मक्तेदारीविरोधी असे नियमांचे दोन संच त्यांनी दिले होते. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने पाचशे डॉलर देऊन त्यांचे पेटंट विकत घेतले. बाजारात राहिला तो मक्तेदारीचा संच. भाडेवसुली उघडी पाडण्यासाठी रचलेला खेळ भाडेवसुलीचा आनंद शिकवू लागला, याहून बोलके उदाहरण मी वर्गात कधी दिले नाही.

आता संगणकावरील खेळाकडे येऊ. येथे नियमांच्या जोडीला एक नवी वस्तू येते ती म्हणजे आज्ञावली. प्रोग्रामर जो मजकूर लिहितो, तो माणसाला वाचता येतो, समजतो, बदलता येतो. संगणकवाले त्याला सोर्स कोड म्हणतात, आपण मूळ संहिता म्हणू. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. म्हणजे कवितेला जसा कवीचा हक्क, तसा संहितेला तिच्या लेखकाचा अथवा त्याच्या मालक-कंपनीचा. दुसऱ्याने ती वापरायची, बदलायची किंवा वाटायची तर परवाना लागतो. आपण मोबाईलवर ‘मान्य आहे’ असे बोट लावून जे न वाचता पुढे सरकवतो, ते याच जातीचे करारपत्र असते.

या परवान्याचेच हत्यार उलटे फिरवण्याची कल्पना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाची. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आणला. त्याचे सूत्र असे, की ही संहिता घ्या, अभ्यासा, बदला, विकाही. परंतु तुमची सुधारलेली प्रत दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा मूळ संहितेसह आणि याच अटींवर द्या. म्हणजे सामाईक गायरानातून घेतलेले पुन्हा गायरानात आले पाहिजे. खाजगी मालकीचा कायदाच सामाईक मालकीच्या रक्षणाला उभा केला, ही विसाव्या शतकाच्या अखेरची एक मोठी कायदेशीर युक्ती म्हणावी लागेल. तिची आपल्या विचारविश्वात जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

मात्र या बांधाला एक भगदाड होते, आणि इंटरनेटवरील खेळ नेमके त्यातूनच निसटले. जीपीएलचे बंधन प्रत ‘दिल्या’वर लागते. संकेतस्थळावरील खेळात खेळाडूला प्रत मिळतच नाही. नियम पाळणारी, डाव लावणारी, गुण मोजणारी आज्ञावली दूरच्या सर्व्हरवर चालते. आपल्या पडद्यावर येते ते केवळ चित्र आणि जुजबी यंत्रणा. तीही बहुधा नावे, टिपा आणि मोकळ्या जागा गाळून, माणसाला वाचता येऊ नये इतकी आवळून पाठवलेली. त्यामुळे एखादी कंपनी शेकडो लोकांनी मिळून लिहिलेली मुक्त संहिता घेऊ शकते, तिच्यात भर घालू शकते, त्यावर खेळ चालवून जाहिरातींचे उत्पन्न मिळवू शकते, आणि सुधारणेची एक ओळही कोणाला परत करण्यास बांधील राहत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटला पाहिजे. खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा मध्यस्थ. पण वसुलीचा दरवाजा पिढ्यानपिढ्या त्याच्या हाती राहिला आणि तो स्वतःस गावाचा धनी समजू लागला. कुळाने वरकस फोडावी, गडगे घालावेत, झाडे लावावीत. त्या सुधारणेचे मोल खोताच्या पदरात. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवल्या, तेव्हा कोठे १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. सर्व्हरचा धनी हा या अर्थाने नवा खोत आहे. संहितेचा मोठा भाग त्याने लिहिलेला नसतो, खेळात जीव आणणारी कोडी, शब्द, डाव खेळाडूंनी भरलेले असतात. त्याच्या ताब्यात असतो तो दरवाजा. आणि खंड घेतला जातो दरवाजाबद्दलच. तुलना ताणू नये हे मला समजते. कुळाच्या घरी उपासमार होती, खेळाडूच्या घरी नाही. उत्पन्नाचे स्वरूप मात्र तेच आहे.

हे भगदाड बुजवणारा परवाना अस्तित्वात आहे. त्याला ‘अफेरो जीपीएल’ किंवा ‘एजीपीएल’ म्हणतात. त्याची आजची आवृत्ती नोव्हेंबर २००७ ची आहे. त्याचे तेरावे कलम महत्त्वाचे. संहितेत बदल करून ती सर्व्हरवर चालवाल आणि लोक दूरवरून तिचा वापर करतील, तर त्या वापरणाऱ्यांनाही तुमची बदललेली मूळ संहिता मिळण्याची सोय केली पाहिजे, असे ते सांगते. प्रत हाती दिली नाही ही सबब तेथे चालत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केले. त्याची संहिता एजीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली आहे. तेथे जाहिरात नाही, पैसे भरणाऱ्यासाठी वेगळा वर्ग नाही. खर्च देणग्यांतून भागतो. जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याची भाषांतरे केली असून त्यांत मराठीही आहे. उद्या चालकांची बुद्धी फिरली, तरी दुसरा कोणी तीच संहिता घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर पट मांडू शकेल, हीच खेळाडूची खरी हमी होय. परवाना न्यायालयात टिकवता येतो हेही बुद्धिबळातच दिसले. ‘स्टॉकफिश’ या मुक्त बुद्धिबळ-आज्ञावलीच्या लेखकांनी २०२१ मध्ये जर्मनीच्या चेसबेस कंपनीवर, आपली संहिता वापरून अटी पाळल्या नाहीत म्हणून दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन कंपनीने स्टॉकफिशची संहिता असलेली उत्पादने वर्षभर न विकण्याचे आणि परवान्यांवर देखरेखीसाठी अधिकारी नेमण्याचे मान्य केले. विनावेतन काम करणाऱ्या काही प्रोग्रामरांनी एका नामांकित कंपनीला अट पाळायला लावली.

येथवर कोणी म्हणेल की इंग्रजी शिकलेल्या शहरी मुलांच्या या करमणुकीचे आम्हाला काय? म्हणून मराठीविषयी थोडे तपशिलात सांगतो, कारण माझ्या मते प्रश्नाचा गाभा तेथे आहे.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेने प्राथमिक शाळेत शब्द ओळखण्याचा एक ऑनलाइन खेळ वापरून पाहिला. मुले रमली. तिला त्यात आगोट, गडगा, पाणंद, पडवी, बेगमी असे मुलांच्या घरातले शब्द घालायचे होते. घालता येईनात. चालकांना लिहिले, उत्तर नाही. खेळ मराठी म्हणून मिरवत होता, पण मराठीत आणला होता तो केवळ सूचनांचा मजकूर.

शब्द घालता आले असते तरी अडचण संपली नसती. इंग्रजी शब्दखेळाची आज्ञावली अक्षरे मोजते ती सुटी चिन्हे म्हणून. ‘रत्नागिरी’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या साठवणीत त्याची नऊ चिन्हे होतात, कारण हलन्त, काना, वेलांटी हे सारे तेथे वेगळे धरले जाते. ‘क्षितिज’ची तीन अक्षरे सातांवर जातात. त्यामुळे पाच घरांच्या पटात मराठी शब्द बसवायला गेले की वेलांटीला एक घर आणि हलन्ताला दुसरे, असा विनोद होतो. त्यातच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद राखायचा. एक आमच्यापुढे पसरलेला, दुसऱ्या पाठीशी सह्याद्रीत, आणि मूल दोन्ही शब्द रोज ऐकते. शिवाय मुलाने ‘ना’ लिहिले आणि उत्तर ‘नी’ असेल, तर ते पूर्ण चूक नव्हे. व्यंजन बरोबर, स्वर चुकला, असे सांगणारा आणखी एक रंग मराठी खेळात हवा. यांतील एकही दुरुस्ती भाषांतराने होत नाही. त्यासाठी मूळ संहिता उघडून अक्षर म्हणजे काय ही व्याख्याच बदलावी लागते. ज्याच्या हाती संहिता नाही त्याच्या भाषेला दुसऱ्याच्या भाषेचे माप घालूनच वावरावे लागते. लहान भाषांच्या बाबतीत संहितेची मोकळीक हा भाषिक हक्क आहे असे मी म्हणतो ते या अर्थाने.

हा हक्क किती नाजूक आहे हे ‘वर्डल’ने दाखवले. २०२१ मध्ये जॉश वार्डल या प्रोग्रामरने लोकांपुढे ठेवलेला हा पाच अक्षरांचा खेळ. १९५५ च्या ‘जोट्टो’ची आठवण करून देणारा. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. तो पूर्णपणे खेळाडूच्या ब्राउझरमध्येच चालत असल्याने विक्रीची बातमी येताच अनेकांनी ते पान उतरवून ठेवले. सर्व्हरवरच्या खेळाबाबत हे करताच आले नसते. दरम्यान दुसऱ्या एकाने ‘रिअॅक्टल’ नावाने तशाच खेळाची संहिता खुली केली होती आणि तिच्यावरून नाना भाषांतील, नाना विषयांतील खेळ उभे राहिले होते. २०२४ च्या आरंभी टाइम्सने स्वामित्वहक्काची नोटीस देऊन ती संहिता आणि तिच्या सुमारे १९०० उपप्रती हटवण्याची मागणी केली. हिरव्या-पिवळ्या घरांच्या मांडणीवरही हक्क सांगितला गेला. दिल्लीच्या न्यायालयाने २००८ मध्ये पटाबाबत केलेला विचार येथे लागू झाला असता की नाही, हे वकिलांनी ठरवावे. पण हौसेने खेळ करणारा एकटा माणूस न्यायालयात जात नाही, तो संहिता काढून घेतो. नोटिशीचा जोर निकालात नसतो, खर्चाच्या भीतीत असतो.

मक्तेदाराने हात झटकले तर काय होते, तेही एकदा पाहून झाले आहे. २००६-०७ च्या सुमारास मुंबईच्या झपाक, गेम्स टू विन अशा संकेतस्थळांवर शाळकरी मुलांची झुंबड असे. ते खेळ बव्हंशी अॅडोबी कंपनीच्या ‘फ्लॅश’ या बंदिस्त तंत्रावर उभे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने फ्लॅशचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणेच रोखले. एका पिढीचे खेळ एका पंधरवड्यात अंधारात गेले. त्यांतील जे आज खेळता येतात ते स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ‘रफल’सारख्या मुक्त आज्ञावलींमुळे.

आपल्याच कोकणात याच्या उलट मार्गाने गेलेला एक प्रयोग झाला होता. ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा गावाच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्यात आले. त्यांवरील ‘शुगर’ ही प्रणाली जीपीएल परवान्याखालची होती. जोड्या जुळवण्याच्या खेळात मुलांना स्वतःच्या जोड्या घालता येत. एवढेच नव्हे, तर चालू असलेल्या उपक्रमाची मूळ संहिता दाखवणारी एक कळ त्या यंत्रावरच होती. यंत्रे वाटली की शिक्षण सुधारते या त्या प्रकल्पामागील भाबडेपणावर टीका झाली, आणि ती रास्त होती. पण धनगरवाड्यातील मुलालाही यंत्राच्या पोटात डोकावण्याचा अधिकार आहे हे गृहीत धरणारी ती कळ मला आजच्या चकचकीत शैक्षणिक ॲपपेक्षा अधिक लोकशाहीवादी वाटते.

केरळने २००१ साली सुरू केलेल्या शालेय संगणक प्रकल्पात पुढे मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण सर्व शाळांना लागू केले. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये दोन धोरणे जाहीर केली. एक मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे, दुसरे सरकारी खर्चाने लिहिलेल्या आज्ञावलींची संहिता खुली करण्याचे. कागदावर आपण मागे नाही. अंमलबजावणीच्या वेळी मात्र निविदा निघते ती वापरकर्त्यांच्या संख्येवर आणि वर्षांवर. मुदत संपली की शिक्षकाचा प्रवेश बंद, आणि त्याने भरलेले प्रश्न, शब्द, गोष्टी दरवाजापलीकडे.

प्रामाणिकपणे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा, की संहिता खुली असली तर लबाडी सोपी होईल. पत्त्यांच्या खेळात सर्वांची पाने सर्वांच्या यंत्रावर पाठवली तर संहिता बंद असूनही चोरी होणारच. प्रत्येकाला त्याच्यापुरतीच पाने पाठवली तर उघडी असूनही होणार नाही. गुप्त ठेवायची ती पाने, नियम नव्हेत. दुसरा आक्षेप गंभीर आहे, की प्रोग्रामरने खायचे काय? मुक्त म्हणजे मोफत नव्हे; जीपीएल विक्रीला मनाई करत नाही. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. मुक्त संहितेच्या नावाखाली तरुणांच्या फुकट श्रमांवर बड्या कंपन्यांनी इमले बांधले आहेत, आणि देणगीवर चालणारे लिचेस हे प्रत्येकाला जमेल असे नाही. म्हणून सार्वजनिक पैशाचा मुद्दा येतो. संहिता लिहिण्याच्या, ती सांभाळण्याच्या श्रमाचे मोल शासनाने पूर्ण द्यावे. ते मोल एकदा चुकते केल्यावर दरवर्षी द्यावा लागणारा खंड मात्र देऊ नये. मजुरी आणि खंड यांतला फरक रिकार्डोपासून अर्थशास्त्र शिकवत आले आहे.

यात जिल्हा पातळीवरील कार्यकर्त्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी संगणक यावा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा नियोजन समितीच्या निधीतून शाळांसाठी जे शैक्षणिक खेळ व ॲप घेतले जातात, त्यांची मूळ संहिता करारानुसार कोणाची, परवाना कोणता, सर्व्हर कोणाचा, आणि करार संपल्यावर शिक्षकांनी भरलेला मजकूर कोणत्या स्वरूपात परत मिळणार, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. शाळा व्यवस्थापन समितीतही तेच विचारता येतात. यापुढील निविदेत सर्व्हरवर चालणाऱ्या खेळासाठी एजीपीएलची आणि मराठी अक्षरगणनेची अट घालावी, असे निवेदन अंदाजपत्रकापूर्वी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच द्यावे लागेल; मार्चमध्ये दिलेले निवेदन फायलीलाच लागते. माहितीच्या अर्जाला दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क-तिकीट लागते, आणि पहिले उत्तर बहुधा असे येईल की मागितलेली माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. ते उत्तर जपून ठेवावे. अपिलात ते उपयोगी पडते.